कर्ता, कर्म आणि फायरवॉल

संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक लाल चौकट उगवते. 'घुसखोरीचा प्रयत्न रोखला.' खाली बारीक अक्षरांत वेळ, एक पोर्ट क्रमांक आणि 'हल्लेखोराचा पत्ता' म्हणून चार आकड्यांची एक माळ. पुढे दोन बटणं: 'तपशील पाहा' आणि 'बंद करा'. बहुतेक जण दुसरं दाबतात आणि कामाला लागतात. काही जण पहिलं दाबतात, आकडे कुठल्या देशातले आहेत ते शोधतात, देशाचं नाव वाचतात, आणि त्यांची झोप उडते.

या चौकटीकडे आपण तांत्रिक बाब म्हणून बघतो. पण नीट पाहिलं तर तो एक आरोप आहे. कोणीतरी कोणाचं तरी वाईट करायला आलं होतं, असं ती सांगते. आणि आरोप म्हटला की काही जुने प्रश्न आपोआप येतात. नेमकं घडलं काय? केलं कोणी? कशावरून? आणि हे सांगणाऱ्याचा यात काय फायदा?

शाळेत आपल्याला वाक्यपृथक्करण शिकवतात. कर्ता कोण, कर्म काय, क्रियापद कुठलं. मार्क मिळाले की आपण ते विसरतो. इथे ते कामाला येतं. लाल चौकटीतलं वाक्य पूर्ण लिहिलं तर ते असं होईल: 'एक घुसखोर तुमचा संगणक फोडत होता, आम्ही त्याला अडवलं.' यातला एकेक शब्द सुटा करून बघू. सुरुवात शेवटाकडून, म्हणजे क्रियापदापासून करू.

क्रियापद: फोडणं

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या आणि अजूनही भरपूर वापरात असलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य आहेत. प्रत्येक पत्त्यावर ६५ हजारांहून जास्त क्रमांकांची 'पोर्ट्स' असतात. पोर्ट म्हणजे दार समजा. सुरक्षित वेबसाइटचं दार सहसा ४४३ क्रमांकाचं, दुरून संगणक चालवण्याचं ३३८९, जुन्या टेलनेटचं २३. दारामागे एखादा प्रोग्रॅम कान देऊन बसला असेल तरच ते दार उघडं. नसेल तर ती नुसती भिंत.

आता जगातल्या कुठल्या तरी यंत्राकडून तुमच्या पत्त्यावर एक छोटं पॅकेट येतं. त्यात एवढंच विचारलेलं असतं: 'तेवीस नंबरला कोणी आहे का?' फायरवॉल ते पॅकेट बघते, उत्तर देत नाही आणि टाकून देते. बाहेरून आलेल्या अशा बहुसंख्य इशाऱ्यांमागची घटना इतकीच असते. एक पॅकेट आलं आणि त्याला उत्तर मिळालं नाही.

याला फोडणं म्हणायचं का? फार तर टकटक म्हणता येईल.

आणि अशी टकटक किती स्वस्त आहे ते बघा. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं एक साधन प्रसिद्ध केलं. एक साधा संगणक आणि चांगलं वेगवान कनेक्शन असेल, तर जगातल्या सगळ्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवरचं एक ठरावीक दार वाजवून यायला त्याला ४५ मिनिटांहून कमी वेळ लागत होता. सगळ्या जगाचं दार, एका लेक्चरच्या वेळात. आज ही टकटक संशोधक करतात, यंत्रांची यादी ठेवणारी शोधयंत्रं करतात, सुरक्षा कंपन्या करतात, जुने भटके व्हायरस करतात आणि अर्थात चोरही करतात. २००४ साली काही अभ्यासकांनी या न थांबणाऱ्या कुजबुजीला एक सुरेख नाव दिलं: इंटरनेटचा पार्श्वभूमी किरणोत्सार. जमिनीतून, आकाशातून थोडा किरणोत्सार सतत येतच असतो, तसंच हे. कोणाच्याच वापरात नसलेल्या पत्त्यांवरही हा पाऊस पडतच असतो.

मग टकटक हा गुन्हा आहे का? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९९९च्या डिसेंबरमध्ये एका तंत्रज्ञाने दुसऱ्या कंपनीच्या यंत्राची दारं अशी वाजवून पाहिली. त्याला अटक झाली. दोन्ही बाजू कोर्टात गेल्या. २००० साली कोर्टाने म्हटलं की नुसत्या पोर्ट स्कॅनने त्या नेटवर्कचं नुकसान झालेलं नाही, आणि घाबरून जाऊन तपास करण्यात गेलेला वेळ आणि पैसा हे कायद्याच्या अर्थाने 'नुकसान' नव्हे. आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही पायऱ्या आहेत. परवानगीशिवाय संगणकात प्रवेश मिळवणं कलम ४३मध्ये येतं. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, आणि तिथे तुरुंगवास आहे. म्हणजे कायदा दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: काय केलं, आणि कशासाठी केलं.

इथेच पहिली अडचण आहे. संशोधकाची टकटक आणि चोराची टकटक अगदी सारखीच ऐकू येते. पॅकेटमध्ये पत्ता असतो, क्रमांक असतो, पण हेतू नावाचा रकाना नसतो. तो रकाना लाल चौकट स्वतः भरते. 'पॅकेट आलं' हे निरीक्षण झालं. 'घुसखोरी' हा निष्कर्ष. आपल्या हातात ठेवला जातो तो निष्कर्ष, आणि वाटतं की हेच निरीक्षण.

याचा अर्थ टकटक नेहमी निष्पाप असते असा नाही. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची कडी हलवून बघत फिरणारा माणूस फुलं द्यायला आलेला नसतो. पण त्याच्याकडे बघून 'यांचं घर फोडलं' असं म्हणणं खोटं ठरतं, आणि खोट्याची सवय लागली की खरंच घर फुटेल तेव्हा आपल्याकडे वेगळा शब्दच उरत नाही.

कर्म: 'तुमचा' संगणक

२५ जानेवारी २००३. स्लॅमर नावाचा एक किडा इंटरनेटवर सुटला. त्याचा आकार अवघा ३७६ बाइट. या लेखातल्या एखाद्या लांब वाक्याइतका. तो मायक्रोसॉफ्टच्या एका डेटाबेस प्रोग्रॅममधल्या त्रुटीतून आत शिरायचा आणि १४३४ क्रमांकाचं दार वाजवायचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, जी यंत्रं त्याला बळी पडू शकत होती त्यातली ९० टक्के पडली होती. किमान ७५ हजार. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियात इंटरनेट जवळपास ठप्प झालं.

हा किडा पुढचं सावज कसं निवडायचा? निवडायचाच नाही. एक यादृच्छिक आकडा काढायचा आणि त्या पत्त्यावर स्वतःची प्रत फेकायचा. त्या शनिवारी ज्यांच्या फायरवॉलने 'तुमच्यावर हल्ला' असं सांगितलं, त्यांच्यापैकी कोणावरही, त्या शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने, हल्ला झालेला नव्हता. त्यांचा नंबर लागला होता, एवढंच.

आपल्याला हे पचायला जड जातं. वाईट घडलं की त्यामागे कोणाची तरी इच्छा असणार, असं मनाला वाटतं. आपल्याकडे दृष्ट लागते म्हणतात. पण दृष्ट लागायला आधी कोणीतरी आपल्याकडे बघावं लागतं. 'माझ्यावर हल्ला झाला' या भीतीत एक लपलेला मोठेपणा आहे: मी कोणाच्या तरी डोळ्यांत सलण्याइतका महत्त्वाचा आहे. आकडे काढणाऱ्या यंत्राला आपलं नाव, गाव, जात, पगार, राजकारण काहीच ठाऊक नसतं, ही गोष्ट एका अर्थी दिलासा देणारी आहे आणि एका अर्थी थोडी अपमानास्पदही.

मात्र या मुद्द्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. काही लोक खरंच लक्ष्य असतात. पत्रकार, कार्यकर्ते, सोडून आलेल्या नवऱ्याची पाळत सहन करणारी बाई. त्यांची भीती खरी असते, आणि त्यांना 'वहम आहे तुझा' असं म्हणणं हा अन्याय आहे. पण त्यांच्या बाबतीत ती लाल चौकट बहुधा उगवतच नाही. जवळच्या माणसाने पासवर्ड ठाऊक असलेल्या फोनमध्ये पाच मिनिटांत काहीतरी टाकून ठेवलेलं असतं. तिथे दारावर टकटक होत नाही, कारण दार आतून उघडलेलं असतं. ज्याला कोणी शोधत नाही त्याला दिवसात पन्नास इशारे मिळावेत, आणि जिच्यावर खरंच पाळत आहे तिला एकही नाही, अशी ही उलटी वाटणी आहे.

कर्ता: 'घुसखोर'

आता त्या चार आकड्यांकडे येऊ. हल्लेखोराचा पत्ता. कोण असतो हा?

अनेकदा तो घरातलाच असतो. आज बहुतेक घरांत संगणक आणि इंटरनेट यांच्या मध्ये वायफायचा राउटर असतो. बाहेरची टकटक त्या राउटरवरच थांबते, संगणकापर्यंत पोचतच नाही. मग संगणकाला घुसखोर दिसतो तो कुठला? पत्ता बघा. १९२.१६८ने सुरू होत असेल तर तो तुमच्याच घरातला आहे. टीव्ही आपल्यासारखं कोणी आहे का ते विचारत असतो. प्रिंटर आपण जागे असल्याचं सगळ्यांना सांगत असतो. कधी तर पत्ता १९२.१६८.१.१ असतो, म्हणजे साक्षात आपला राउटर. राखणदारावरच घुसखोरीचा आरोप.

कधी घुसखोर म्हणजे आपल्याच प्रश्नाचं उशिरा आलेलं उत्तर असतं. आपल्या संगणकाने एखाद्या सर्व्हरला काहीतरी विचारलं, वाट बघितली, कंटाळून विसरून गेला. तेवढ्यात उत्तर येऊन पोचतं. फायरवॉलच्या वहीत तो प्रश्न आता नाही. मग बोलावून आलेला पाहुणा बिनबोलावता ठरतो.

आणि कधी घुसखोर म्हणून ज्याचं नाव येतं, तो त्या क्षणी मार खात असतो. हे कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. एखादी वेबसाइट पाडायची असेल तर हल्लेखोर तिच्यावर लाखो पॅकेट्स सोडतो आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा, मनाला येईल तो लिहितो. ती बिचारी वेबसाइट प्रत्येक पॅकेटला नियमाप्रमाणे उत्तर देते. उत्तरं जातात त्या खोट्या पत्त्यांवर. त्यातला एक पत्ता तुमचा निघतो. तुमची फायरवॉल बघते: न मागितलेलं पॅकेट, अमुक पत्त्यावरून. आणि लाल चौकटीत त्या वेबसाइटचा पत्ता 'हल्लेखोर' म्हणून छापते. २००१ साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी वापरात नसलेल्या पत्त्यांवर येऊन पडणारी अशीच उत्तरं मोजली आणि त्यावरून तीन आठवड्यांत झालेले १२ हजारांहून अधिक हल्ले ओळखले. जे इतरांच्या पडद्यावर आरोप म्हणून दिसत होतं, ते त्यांनी किंकाळी म्हणून वाचलं. समोरची नोंद तीच होती. त्यांनी फक्त कर्ता गृहीत धरला नाही.

पत्ता खरा असला तरी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. तुम्ही हे मोबाइल डेटावर वाचत असाल, तर या क्षणी तुमचा सार्वजनिक पत्ता कदाचित अनेक अनोळखी ग्राहकांसोबत वाटून घेतलेला असेल. त्यातल्या एकाने काही उद्योग केला तर दुसऱ्या टोकाला दिसणारा आकडा तुमचाही असतो.

पत्त्यावरून जागा शोधण्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अमेरिकेत आयपी पत्त्यांची ठिकाणं सांगणाऱ्या एका कंपनीने, 'हा पत्ता अमेरिकेत आहे, पण कुठे ते ठाऊक नाही' अशा वेळी नकाशावर देशाच्या साधारण मध्याचा एक बिंदू द्यायचं ठरवलं. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर पडत होता. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका अंगणात जमा झाले. वर्षानुवर्षं तिथे पोलीस येत राहिले, फसवले गेलेले संतापलेले लोक येत राहिले. २०१६ साली एका पत्रकाराने कारण शोधून काढलं तेव्हा कुठे त्या घरातल्यांना कळलं की आपला गुन्हा काय. त्यानंतर कंपनीने तो बिंदू एका तलावात नेऊन ठेवला.

'ठाऊक नाही' असं म्हणण्याची सोय त्या यंत्रणेत नव्हती, म्हणून तिने एका घराचं नाव सांगितलं. लाल चौकटीचंही तसंच आहे. तिला 'कोणीतरी' म्हणता येत नाही, ती 'हल्लेखोर' म्हणते. आणि पत्त्यापुढे देशाचं नाव दिसलं की उरलेलं काम आपण करतो. त्या देशाबद्दल मनात आधीच असलेला राग त्या आकड्याला चेहरा देतो. मग कोणाला वाटतं, आपणही त्या पत्त्यावर उलटा हल्ला करावा. तो पत्ता एखाद्या दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या जुन्या संगणकाचा असू शकतो, हे तेव्हा सुचत नाही.

दुसरा कर्ता: 'आम्ही'

वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपण सहसा तपासत नाही: 'आम्ही त्याला अडवलं.'

रात्री सोसायटीचा वॉचमन काठी आपटत, शिट्टी वाजवत फेरी मारतो. शिट्टीने चोर किती घाबरतो, हा प्रश्नच आहे; उलट त्याला कळतं की वॉचमन आत्ता कुठल्या बाजूला आहे. पण घरात झोपलेल्यांना कळतं की पगार वाया जात नाहीये. लाल चौकट काही अंशी ही शिट्टी आहे. चांगल्या कुंपणाला आवाज नसतो, आणि आवाज नसलेल्या गोष्टीचं वार्षिक नूतनीकरण कोण करणार? मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २सोबत फायरवॉल मुळातच चालू करून दिली. तेव्हापासून बहुतेक घरगुती संगणकांत ती मुकाट्याने आपलं काम करते. जे दार मुळात भिंतच होतं, ते 'आम्ही वाचवलं' असं सांगण्यात कौशल्य आहे, पण ते विक्रीचं.

यात फसवणूकच असते असं नाही. एक शुद्ध गणिती अडचणही आहे. समजा, दिवसाला एक लाख पॅकेट्स येतात आणि त्यातली दहा खरोखर घातक आहेत. समजा, तुमची फायरवॉल ९९ टक्के अचूक आहे. ती दहाही पकडेल असं धरू. पण उरलेल्या ९९,९९० निरुपद्रवी पॅकेट्सपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे हजार, ती चुकून घातक ठरवेल. हाती आल्या सुमारे १,०१० चौकटी, त्यातल्या दहा खऱ्या. दर शंभरात एक. ९९ टक्के अचूक यंत्र आणि ९९ टक्के खोटे इशारे, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. खरी घटना दुर्मीळ असली की प्रामाणिक पहारेकरीही बहुतांशी खोटंच ओरडतो.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलाच्या खोटेपणाची म्हणून सांगतो. पण त्या गोष्टीत मेंढरं गेली ती गावाचे कान मेल्यामुळे. हजार वेळा घाबरलेला माणूस शूर होत नाही. तो बधिर होतो.

मग दुर्लक्ष करायचं?

नाही. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला एक क्षुल्लक काम दिलं गेलं. संगणक-वापराच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक येत होता, तो जुळवायचा. कोणीही तो सोडून दिला असता. त्याने सोडला नाही. महिनोन् महिने माग काढत तो थेट जर्मनीतल्या हानोव्हरमधल्या एका तरुणापर्यंत पोचला, जो अमेरिकन संगणकांतली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला, केजीबीला विकणाऱ्यांपैकी होता. तिथे लाल चौकट नव्हती, भोंगा नव्हता. होता तो न जुळणारा हिशोब, आणि तो का जुळत नाही हे कळल्याशिवाय न उठणारा माणूस.

भीती आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच यातून घ्यायचं. भीती आवाजाकडे वळते, लक्ष विसंगतीकडे. बाहेरून आलेली आणि अडवलेली टकटक ही बहुधा विसंगती नसते. विसंगती वेगळ्या ठिकाणी असते. कधीही न ऐकलेला एखादा प्रोग्रॅम बाहेर जायची परवानगी मागतो. जे दार तुम्ही स्वतः उघडं ठेवलंय, दुरून काम करायला किंवा कॅमेरा बघायला, त्यावर कोणी पुन्हा पुन्हा पासवर्ड घालून बघतंय. तुम्ही झोपलेले असताना तुमच्या ईमेलमध्ये कोणी लॉगिन केलंय. संगणक काही करत नसताना इंटरनेट भरून वाहतंय. 'या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची का?' ही साधी, बिनरंगी चौकट लाल चौकटीपेक्षा जास्त महत्त्वाची असते, कारण तिथे निर्णय तुमचा असतो. आणि नेमकी तीच आपण न वाचता 'हो' म्हणून घालवतो. पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर लोकांना तासन् तास बसवून पैसे काढून घेणाऱ्यांना कुठलंच पोर्ट फोडावं लागत नाही. त्यांच्यासाठी दार आपण उघडतो.

वाक्य उलटं केलं तर

इतका वेळ आपण वाक्यातल्या कर्माच्या जागी बसून विचार केला. मी घरात आहे, बाहेर कोणीतरी आहे. आता जागा बदलून बघू. जगात कुठेतरी, या क्षणी, कोणाच्या तरी पडद्यावर लाल चौकट उगवलीय आणि 'हल्लेखोर' म्हणून तिथे तुमच्या घराचा पत्ता छापलेला आहे.

हे अशक्य नाही. २०१६ साली मिराई नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरू लागला. तो यादृच्छिक पत्त्यांवरचं टेलनेटचं दार वाजवायचा, आणि ते उघडं निघालं की कारखान्यातून येतात ते साठेक ठरलेले नाव-पासवर्ड घालून बघायचा. 'अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन' या धर्तीचे. यात सापडायचे घरगुती राउटर, सुरक्षा कॅमेरे, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे. ऐन भरात सुमारे सहा लाख यंत्रं त्याच्या ताब्यात होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येकांना काही तास मिळेनाशा झाल्या. मिराईचा मूळ कोड लिहिणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण निघाले. २०१७मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला.

पण त्या लाखो यंत्रांचे मालक? त्यांनी चोर येऊ नये म्हणून कॅमेरा लावला होता. कॅमेरा उत्तम चालत होता. तो फावल्या वेळात दुसऱ्यांची दारं वाजवत होता, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना गुन्हेगार म्हणायचं? नाही. निर्दोष म्हणून सोडून द्यायचं? इथे उत्तर इतकं सोपं नाही.

पावसाळ्यात महापालिकेची माणसं गॅलरीत येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या बघतात. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. तुम्हाला कोणाला डेंग्यू करायचा नव्हता. डास तुम्ही पाळले नव्हते. कदाचित तुम्हालाही तो डास चावला असेल. तरी ताटली तुमची होती, आणि ती रिकामी करायला एक मिनिट लागलं असतं. दोष आणि जबाबदारी या दोन शब्दांत आपण नेहमी गोंधळ करतो. दोष द्यायला हेतू लागतो. जबाबदारीला फक्त इतकं पुरतं की गोष्ट तुमच्या ताब्यात होती आणि दुसऱ्या कोणाला ती नीट करण्याचा अधिकार नव्हता.

हा अधिकाराचा मुद्दा किरकोळ नाही. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा किडा विंडोजच्या संगणकांत पसरला. काही दिवसांतच वेलचिया नावाचा दुसरा किडा आला. तो त्याच त्रुटीतून आत शिरायचा, ब्लास्टरला काढून टाकायचा आणि ती त्रुटी बुजवणारं अपडेट उतरवून घ्यायचा. परोपकारी घुसखोर! पण सावज शोधताना तो इतक्या यंत्रांना 'आहात का?' विचारत सुटला की अनेक कार्यालयांची नेटवर्क त्या विचारण्यानेच कोलमडली. आणि नसती कोलमडली तरी? तुम्ही घरी नसताना कोणी कुलूप उघडून आत आलं, ताटल्या रिकाम्या केल्या आणि निघून गेलं, तर तुम्ही त्याचे आभार मानाल की कुलूप बदलाल? दुसऱ्याने न विचारता आत येऊन साफसफाई करणं आपल्याला मान्य नसेल, तर ती आपण करण्यावाचून पर्याय उरत नाही.

करायचं तरी किती असतं? राउटर बसवणाऱ्या माणसाने ठेवलेला पासवर्ड बदलायचा. तो बहुधा राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर अजूनही आहे. कॅमेऱ्याचाही बदलायचा. दुरून उघडं ठेवलेलं दार लागत नसेल तर बंद करायचं. अपडेट पुढे ढकलायचं नाही: स्लॅमर ज्या त्रुटीतून शिरला, तिची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. शंका असेल तर केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं आहेत. नावात स्वच्छता हा शब्द आहे, युद्ध नाही, हे चांगलं आहे. यात कोणाला हरवायचं नसतं.

आणि पुढच्या वेळी ती लाल चौकट आली, तर तिचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा लिहून बघा: 'एका यंत्राकडून एक पॅकेट आलं. त्या यंत्राचा मालक कोण, त्याला हे ठाऊक आहे का, त्याचा हेतू काय, हे कळायला मार्ग नाही. पॅकेटला उत्तर दिलेलं नाही.' वाक्य जरा बेचव होतं खरं. पण त्यात कोणावर खोटा आळ नाही. शिवाय ते वाचून झाल्यावर हातात थोडा वेळ उरतो. राउटर उलटा करून बुडाशी काय लिहिलंय ते बघण्याइतका.